नोकरी सांभाळून एकट्याने मोबाइल गेम: तास कुठे जातात आणि काम कुठे अडतं

प्रश्न असा आहे: पूर्ण वेळ नोकरी आहे, प्रोग्रॅमिंग बऱ्यापैकी येतं, आठवड्याला सात-आठ तास हाताशी लागतात. एवढ्यात एकट्याने मोबाइल गेम बनवून स्टोअरवर टाकता येईल का, इंजिन (गेम बनवण्याचं तयार सॉफ्टवेअर) कोणतं घ्यावं आणि किती दिवस धरावेत?

येतो टाकता. मात्र इंजिनवरून तो पुरा होणार की नाही हे ठरत नाही. ठरतं ते तासांच्या वाटणीवरून. खेळ म्हणून जे डोळ्यांसमोर असतं, ते एकूण कामाच्या निम्म्याच्या आसपास असतं. बाकीचं काम म्हणजे मेनू, प्रगती साठवणं, आवाजाच्या सेटिंग्ज, वेगवेगळ्या स्क्रीन, साध्या फोनवरची गती, जाहिरातींचं एसडीके (गेममध्ये जोडायचा तयार कोड), स्टोअरचे फॉर्म. हे सगळं शेवटी सरकवलं की प्रकल्प ‘जवळजवळ झालाय’ या अवस्थेत वर्षभर पडून राहतो.

आठवड्याला ८ तास धरले तर २६ आठवड्यांत २०८ तास होतात. आजारपण, सणवार आणि ऑफिसची डेडलाइन यांना थोडे सोडून १८० ते २०० तास खरे. पहिल्या गेमसाठी वाटणी साधारण अशी ठेवा: कच्चा नमुना २० तास, मूळ खेळ हाताला सहज वाटेल असा करणं ६०, पातळ्या आणि त्यांची काठिण्यपातळी ३५, मेनू-सेव्ह-आवाज ४०, फोनवरच्या चाचण्या आणि गती २५, स्टोअर २०. तुमच्या कल्पनेत नुसत्या पातळ्यांनाच १५० तास लागणार असतील तर कल्पना कापा. तास वाढवायचं मनात आणू नका, कारण ते वाढत नाहीत.

कापायचं म्हणजे कुठून? मल्टिप्लेअर पहिल्या गेममध्ये नकोच. सर्व्हर, नेटवर्कचा विलंब आणि फसवणूक रोखणं ही प्रत्येकी स्वतंत्र कामं आहेत. ती सगळी निस्तरली तरी सुरुवातीला एका वेळी दोन खेळाडू ऑनलाइन सापडणं मुश्कील. लॉगिनही टाळा. खातं उघडायची सोय दिली की ते ॲपमधूनच काढून टाकण्याची सोय देणं ॲपल आणि गूगल दोघांकडेही बंधनकारक आहे. एक कृती, एक स्क्रीन, एका हाताने खेळता येईल आणि मिनिटभरात एक डाव संपेल, एवढा आवाका ठेवा. आणि एवढंही कमी समजू नका. २०१४ साली आलेल्या ‘थ्रीज’चा पट फक्त ४ बाय ४ घरांचा होता, तरी तो घडायला सुमारे १४ महिने लागले. त्या काळातला आपसातला पत्रव्यवहार निर्मात्यांनी नंतर खुला केला. कुठल्या कल्पना आल्या आणि का गळाल्या हे त्यात दिसतं, त्यामुळे छोट्या खेळाच्या रचनेचा अभ्यास करायला तो उत्तम आहे.

एक काम कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी करा: नोकरीचा करार वाचा. नोकरीच्या काळात केलेल्या निर्मितीवर कंपनीचा हक्क असल्याचं कलम अनेक करारांत असतं आणि काहींत ते सुट्टीच्या वेळेलाही लागू केलेलं असतं. गरज असेल तर लेखी परवानगी घ्या. कंपनीचा लॅपटॉप, कंपनीचं ईमेल आणि कंपनीचे परवाने या कामाला बिलकूल लावू नका.

कच्चा नमुना आणि हाताला सहज वाटणारा खेळ

पहिल्या २० तासांत चित्रं नकोत, संगीत नको. रंगीत चौकोन पुरेत. नमुना फोनवर टाकून कुणाच्या तरी हातात द्या आणि गप्प बसा. हरल्यावर ती व्यक्ती न सांगता पुन्हा सुरू करते का, एवढंच पाहायचं. ‘छान आहे’ हे शब्द मोजू नका. चार-पाच जणांपैकी कुणीच स्वतःहून दुसरा डाव खेळलं नाही, तर कितीही सुंदर चित्रं घातली तरी फरक पडणार नाही. ती कल्पना सोडा किंवा मूळ कृतीच बदला. २० तासांत सोडलेली कल्पना स्वस्तात सुटली असं समजा.

नमुना तरला की खरं काम सुरू होतं. उडी मारण्याचा साधा खेळ घ्या. कोड बरोबर असूनही खेळणारा ‘मी दाबलं होतं, उडी लागली नाही’ असं म्हणतो. त्याची तक्रार खरी असते. माणूस कड्याच्या टोकावर दाबतो, पण तेवढ्यात पात्र दोन-तीन फ्रेम (स्क्रीनवर एकामागून एक येणारी चित्रं) पुढे गेलेलं असतं आणि कोडच्या लेखी ते हवेत असतं. म्हणून कडा सुटल्यावरही सुमारे ०.१ सेकंद उडी मान्य करा. उलट बाजूने, जमिनीला टेकायच्या ०.१ सेकंद आधी आलेला स्पर्श लक्षात ठेवा आणि टेकताक्षणी उडी द्या. शत्रूची टक्करपेटी (धडक झाली का हे तपासायची अदृश्य चौकट) चित्रापेक्षा १० ते २० टक्के लहान ठेवा. नाणी आणि बक्षिसांची चित्रापेक्षा थोडी मोठी ठेवा. कृती बोट टेकल्यावर घडवा. बोट उचलल्यावर घडली तर सगळा खेळ जड वाटतो. हरल्यापासून नवा डाव सुरू होईपर्यंत एक सेकंदाच्या वर जाता कामा नये. या पाच गोष्टींना मिळून एक-दोन संध्याकाळी लागतात आणि नव्या दहा पातळ्यांनी पडणार नाही एवढा फरक त्यांनी पडतो.

बोटाने स्क्रीन झाकली जाते हेही विसरलं जातं. ज्याच्याकडे पाहायचं ते वर आणि ज्याला स्पर्श करायचा ते खाली, अशी मांडणी ठेवा. बटणाची किमान मर्यादा अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात ४८ डीपी (स्क्रीनच्या घनतेवर न अवलंबणारं एकक) आणि ॲपलच्या मार्गदर्शनात ४४ पॉइंट आहे. खेळाच्या धावपळीत याहून मोठीच बरी. तालावर चालणारा खेळ करत असाल तर ब्लूटूथ हेडफोनमधला आवाज लक्षात येण्याइतका उशिरा पोचतो. त्यासाठी खेळाडूला विलंब जुळवता येईल अशी सेटिंग पहिल्याच आवृत्तीत लागेल.

इंजिन

यावर लोक महिने घालवतात. द्विमितीय छोटा खेळ असेल आणि तुम्ही नव्याने सुरुवात करत असाल तर गोडो हे इंजिन घ्या. ते एमआयटी परवान्याखाली मुक्त आहे, हलकं आहे आणि त्याची जीडीस्क्रिप्ट भाषा आठवड्याभरात अंगवळणी पडते. फोनसाठी गोडोमध्ये सी शार्पऐवजी जीडीस्क्रिप्टच वापरा, कारण तिथला सी शार्पचा मोबाइल आधार अजून तितका पक्का नाही. गोडो ४ मध्ये नवा प्रकल्प उघडताना रेंडरर (चित्र स्क्रीनवर रंगवणारा भाग) विचारला जातो. साध्या द्विमितीय खेळाला ‘कंपॅटिबिलिटी’ निवडा. तो ओपनजीएल ईएस ३ या जुन्या ग्राफिक्स प्रणालीवर चालतो, त्यामुळे जुन्या फोनवर कमी त्रास देतो.

सी शार्प आधीच येत असेल, त्रिमितीय खेळ असेल किंवा जाहिराती आणि खरेदीचे तयार प्लगइन हवे असतील तर युनिटी हे इंजिन सोयीचं. वर्षाला २ लाख डॉलरच्या आत उलाढाल असेल तर त्याची पर्सनल आवृत्ती फुकट आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेलं प्रत्येक इन्स्टॉलमागचं शुल्क युनिटीने सप्टेंबर २०२४ मध्ये मागे घेतलं, त्यामुळे त्याची धास्ती आता नको. अनरियल हे तिसरं इंजिन एवढ्या कामाला जड पडतं. जे निवडाल त्याची आवृत्ती गोठवा आणि प्रकल्पाच्या मध्यावर मोठं अपग्रेड करू नका. प्लगइन तुटले तर ते जुळवण्यात दोन आठवडे सहज जातात, आणि फावल्या वेळातले दोन आठवडे म्हणजे १६ तास.

गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) पहिल्या दिवसापासून लावा. युनिटीत ‘लायब्ररी’ हे फोल्डर वगळायचं असतं, पण मेटा फाइल्स मात्र कमिट करायच्याच असतात. त्या राहिल्या तर दुसऱ्या संगणकावर प्रकल्प उघडताना चित्रं आणि स्क्रिप्टचे दुवे तुटलेले दिसतात. मोठ्या ऑडिओ आणि चित्रांसाठी गिट एलएफएस ही मोठ्या फाइलींची जोडणी बसवा, कारण गिटहब १०० एमबीवरची फाइल साध्या गिटमध्ये घेत नाही.

साधा फोन हाच खरा परीक्षक

जो सर्वात साधा फोन तुम्ही चालवू इच्छिता तो पहिल्या आठवड्यापासून जवळ ठेवा आणि दर रविवारी त्यावर बिल्ड (गेमची चालू शकणारी प्रत) टाका. एमुलेटर आणि संगणकावरचा वेग काहीच सांगत नाहीत. ६० फ्रेमसाठी एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, ३० साठी ३३.३. युनिटीत मोबाइलवर मूळ सेटिंग ३० फ्रेमची असते. खेळ अडखळतोय असं वाटून लोक कोड तपासत बसतात, जेव्हा टार्गेट फ्रेमरेट ६० करायची एक ओळ राहिलेली असते. दुसरी नेहमीची भानगड म्हणजे हालचालीला डेल्टा टाइमने (मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने) न गुणणं. तसा खेळ १२० हर्ट्झच्या फोनवर दुप्पट वेगाने पळतो. तिसरी अशी: युनिटीत भौतिकीची पायरी ०.०२ सेकंदाची, म्हणजे सेकंदाला ५० असते आणि स्क्रीन ६० फ्रेम दाखवते. या दोन्हींचा मेळ बसत नाही, म्हणून वस्तू थरथरल्यासारख्या दिसतात. रिजिडबॉडीचं (भौतिकीने हलणाऱ्या वस्तूचं) इंटरपोलेशन, म्हणजे दोन पायऱ्यांमधली जागा भरून काढणं, चालू केलं की थरथर जाते.

मेमरीचं गणित एकदा हाताने करून पाहा. २०४८ बाय २०४८ पिक्सेलचं चित्र डिस्कवर पीएनजी म्हणून ६०० केबीचं असेल, पण मेमरीत ते कॉम्प्रेस न करता गेलं तर पिक्सेलमागे ४ बाइट घेतं, म्हणजे १६ एमबी. अशी दहा पार्श्वचित्रं झाली की १६० एमबी संपली, आणि कमी रॅमचा फोन गेम गुपचूप बंद करतो. तेच चित्र एएसटीसी ६ बाय ६ या मेमरीतल्या चित्रांच्या प्रकारात कॉम्प्रेस केलं तर १.८ एमबीच्या आसपास येतं. पीएनजी लहान केल्याने डाउनलोड घटतो, मेमरी घटत नाही. हा फरक न कळल्यामुळे चुकीच्या जागी मेहनत होते. खूप जुन्या फोनसाठी ईटीसी२ हा जुना प्रकार ठेवावा लागतो.

मधूनच लागणारा क्षणभराचा हिसका बहुधा गार्बेज कलेक्टरचा (न लागणारी मेमरी मोकळी करणाऱ्या यंत्रणेचा) असतो. दर फ्रेमला गुणसंख्येची नवी स्ट्रिंग जोडणं, प्रत्येक गोळीसाठी नवी वस्तू निर्माण करून नष्ट करणं, ही त्याची मुळं. गोळ्या, ठिणग्या, नाणी आधीच ५० बनवून ठेवा आणि तीच फिरवून वापरा. गुण बदलले तरच मजकूर बदला. फोन दहा मिनिटांनी मंद होत असेल तर ते तापणं आहे. म्हणून चाचणी किमान १५ मिनिटं सलग घ्या. एकावर एक पारदर्शक थर साचले असतील तर आधी ते कमी करा, तापण्याचं कारण पुष्कळदा तिथेच सापडतं.

स्क्रीनची लांबी-रुंदी १६:९ पासून २०:९ पर्यंत आणि टॅबलेटवर ४:३ सुद्धा असते. खेळाचं क्षेत्र ठरावीक ठेवा, उरलेली जागा पार्श्वभूमीने भरा आणि बटणं सेफ एरियाच्या (खाच आणि गोल कोपरे सोडून उरलेल्या भागाच्या) आत बांधा. नाहीतर थांबवण्याचं बटण कॅमेऱ्याच्या खाचेखाली जातं.

देवनागरी किंवा अरबी मजकूर दाखवायचा असेल तर पहिल्या महिन्यातच तपासा. युनिटीच्या टेक्स्टमेशप्रो या मजकूर दाखवणाऱ्या भागात अशा लिपींची अक्षरजुळणी आपोआप होत नाही. ‘किती’मधली पहिली वेलांटी अक्षरानंतर पडते आणि जोडाक्षरं फुटून हलन्त दिसतात. गोडो ४ हार्फबझ हे अक्षरजुळणीचं साधन वापरतं, त्यामुळे योग्य फॉन्ट दिला की मजकूर नीट जुळतो. बहुभाषिक खेळ करायचा असेल तर इंजिन निवडताना या एका गोष्टीला भरपूर वजन द्या. फॉन्ट ओएफएल या मुक्त परवान्याचा घ्या. चित्रं आणि आवाज सीसी० (कोणतीही अट नसलेला क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना) असतील तर सर्वात निर्धास्त. सीसी-बाय असेल तर श्रेयनामावली लागते, आणि एनसी (व्यावसायिक वापराला मनाई) असलेलं काहीही जाहिराती लावलेल्या गेममध्ये चालत नाही. प्रत्येक फाइल कुठून घेतली आणि तिचा परवाना काय याची नोंद उतरवतानाच करा, सहा महिन्यांनी आठवत नाही.

प्रगती साठवणं

इथे झालेली गफलत खेळाडू माफ करत नाही. महिन्याभराची प्रगती गेली की तो एक तारा देतो आणि ॲप काढून टाकतो. फोनवर ॲप रीतसर बंद होत नाही. ते मागे जातं आणि प्रणाली ते परस्पर संपवते. म्हणून ‘बंद होताना साठवू’ यावर विसंबू नका. ॲप मागे जाताना मिळणाऱ्या सूचनेवर, प्रत्येक डाव संपल्यावर आणि प्रत्येक खरेदीनंतर लगेच साठवा. लिहिताना आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, ती पूर्ण झाली की नाव बदलून मूळ फाइलच्या जागी आणा. मध्येच बॅटरी संपली तरी जुनी प्रत शाबूत राहते. फाइलमध्ये आवृत्तीचा क्रमांक पहिल्या दिवसापासून ठेवा, नाहीतर तिसऱ्या अपडेटला रचना बदलताना जुन्या खेळाडूंची फाइल कशी वाचायची हे कोडं पडतं. अँड्रॉइडवर ऑटो बॅकअप चालू असेल तर ॲप काढून पुन्हा टाकल्यावरही जुनी प्रगती परत येते. ‘नवा खेळाडू’ म्हणून चाचणी घेताना हे ध्यानात असू द्या.

कमाई

छोट्या गेमला दोन मार्ग पुरतात: खेळाडूने स्वतः मागून पाहायची बक्षिसाची जाहिरात, आणि मधल्या जाहिराती कायमच्या काढण्याची एकच खरेदी. मधली जाहिरात लावलीच तर डावांच्या मध्ये लावा, आणि पहिले चार-पाच डाव ती अजिबात नको. बनवताना फक्त चाचणीचेच जाहिरात क्रमांक वापरा. स्वतःच्या खऱ्या जाहिरातींवर क्लिक केलं तर ॲडमॉब (गूगलची जाहिरात सेवा) खातं बंद करू शकतं आणि ते परत मिळवणं अवघड असतं. युरोपातल्या खेळाडूंसाठी संमतीची खिडकी लागते, आयओएसवर ट्रॅकिंग करणार असाल तर १४.५ पासून परवानगी विचारावी लागते. आयओएसवर कायमची खरेदी असेल तर ‘खरेदी पुन्हा मिळवा’ हे बटण हवंच, ते नसलं की ॲपल ॲप नाकारतं. दोन्ही स्टोअरवर छोट्या निर्मात्यांना वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलरपर्यंत १५ टक्के दराची सोय आहे, पण त्यासाठी आधी नाव नोंदवावं लागतं. पहिल्या गेमकडून घरखर्च निघेल असं गृहीत धरू नका. खातं, फोन आणि थोडी चित्रं यांचा खर्च वसूल झाला तरी चांगलं चाललं म्हणायचं.

स्टोअर

गूगल प्लेचं खातं एकदाच २५ डॉलर, ॲपलचं दर वर्षी ९९ डॉलर आणि वर मॅक लागतो. म्हणून पहिली आवृत्ती अँड्रॉइडवर काढणं शहाणपणाचं. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक प्ले खात्यांना खुल्या प्रकाशनाआधी किमान १२ जणांची बंद चाचणी (फक्त निवडलेल्या लोकांना दिलेली) सलग १४ दिवस चालवावी लागते. आधी ही अट २० जणांची होती. नेमके १२ घेतले आणि दोघे मधेच बाहेर पडले तर घोडं तिथेच अडतं, म्हणून १८-२० जण जमवा. चौथ्या महिन्यातच, खेळ अर्धवट असताना, ही चाचणी सुरू करा. प्रकाशनाचा अर्ज करताना चाचणीतून काय कळलं आणि काय बदललं हे विचारतात, तेव्हा प्रतिक्रियांची टिपणं ठेवा. प्लेवर वैयक्तिक खात्यातून कमाई सुरू केली की तुमचा पूर्ण पत्ता सार्वजनिक दिसतो. घरचा पत्ता द्यायचा नसेल तर याचा विचार खातं उघडतानाच करा.

पॅकेजचं नाव एकदा प्रकाशित झालं की बदलता येत नाही. अपलोडची किल्ली (बिल्डवर डिजिटल सही करण्याची फाइल) दोन ठिकाणी जपा. प्ले ॲप साइनिंग असल्यामुळे, म्हणजे अंतिम सहीची किल्ली गूगलकडे असल्यामुळे, ती हरवली तरी बदलून मिळते, पण ऐन अपडेटच्या वेळी दिवस जातात. डेटा सेफ्टीचा फॉर्म भरताना तुमचा कोड काय गोळा करतो तेवढंच लिहून भागत नाही. जाहिरातीचं एसडीके जे गोळा करतं तेही तुमच्याच नावावर धरलं जातं. फॉर्म आणि ॲप यांत तफावत दिसली की अपडेट अडवलं जातं. मुलांना लक्ष्य वयोगटात घेतलं तर जाहिरातींचे वेगळे कडक नियम लागतात, तेव्हा वयोगट विचारपूर्वक भरा.

प्लेवर नावाला ३० अक्षरं, छोट्या वर्णनाला ८०, आयकॉन ५१२ बाय ५१२, पानाच्या वरचं चित्र १०२४ बाय ५००. स्क्रीनशॉटमध्ये मेनू दाखवू नका. पहिल्या दोन चित्रांत बोटाने काय करायचं ते दिसलं पाहिजे. आयकॉन फोनवर इतर वीस आयकॉनांच्या गर्दीत ठेवून पाहा, संगणकावर मोठा करून नाही.

प्रकाशनानंतर अँड्रॉइड व्हायटल्स (प्लेमधला ॲपच्या तब्येतीचा अहवाल) रोज उघडा. वापरणाऱ्याला जाणवणाऱ्या क्रॅशचं प्रमाण १.०९ टक्क्यांवर किंवा प्रतिसाद न देण्याचं ०.४७ टक्क्यांवर गेलं तर प्ले तुमचा गेम कमी दाखवू शकतं. दुसरं प्रमाण बहुधा सुरुवातीलाच सगळं एकदम लोड केल्याने किंवा जाहिरातींचं एसडीके मुख्य थ्रेडवर सुरू केल्याने वाढतं. पहिल्या प्रकाशनाला टप्प्याटप्प्याने वाटप करता येत नाही, अपडेटना येतं. अपडेट आधी १० टक्के लोकांना द्या आणि दोन दिवस थांबा. जुनी आवृत्ती परत आणता येत नाही. बिघडलेलं वाटप थांबवायचं आणि वाढीव व्हर्जन कोडने दुरुस्त आवृत्ती चढवायची.

आणि दर वर्षी गेमसाठी एक शनिवार-रविवार राखून ठेवा. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नव्या ॲप आणि अपडेटसाठी एपीआय पातळी ३५, म्हणजे अँड्रॉइड १५, लक्ष्य करणं सक्तीचं झालं, आणि ही पातळी वर्षागणिक पुढे सरकते. इंजिनची तीच आवृत्ती, तिचे निर्यात टेम्पलेट आणि लागणारा जेडीके (जावाची साधनं) यांची नोंद प्रकल्पाच्या मूळ फोल्डरमध्येच ठेवा, म्हणजे वर्षाने बिल्ड काढताना पहिला अख्खा दिवस जुळवाजुळवीत जाणार नाही.